कोकिळेला 'वाईट आई' का म्हणू नये?



पक्ष्यांची घरटी हा विषय आला की कोकिळा येतेच. "कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते" हे मुलांना पाठ असतं. मग कोणीतरी म्हणतंच, "बाई, म्हणजे ती आळशी आहे!" इथे आपण थोडं थांबायला हवं.

आधी माहिती नीट पाहू. 'कुहू कुहू' करतो तो नर. काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. कावळ्यांच्या विणीचा हंगाम तोच तिचाही. नर ओरडत घरट्याजवळ येतो, कावळे त्याच्यामागे लागतात आणि तेवढ्यात मादी अंडं घालते, असं पक्षीनिरीक्षकांनी पाहिलं आहे. अंडं कावळ्याच्या अंड्यासारखंच ठिपक्यांचं, फक्त लहान. पिल्लू साधारण 3 दिवस आधी बाहेर येतं, म्हणून त्याला घास आधी मिळतो. कावळ्याची पिल्लं कधी उपाशीही राहतात. मात्र युरोपातल्या कुक्कूचं पिल्लू इतर अंडी बाहेर ढकलतं, तसं कोकिळेचं पिल्लू सहसा करत नाही.

कोकिळा एकटी नाही. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा आणि चातक यांची पिल्लं सातभाई वाढवतात. त्यांची अंडीही सातभाईंसारखी निळी असतात.

यात आळस नाही. घरटं बांधणं कोकिळेच्या उपजत स्वभावातच नाही. कावळाही मूर्ख नाही. घरट्यात चोच उघडणाऱ्या पिल्लाला भरवणं हा त्याचा उपजत स्वभाव.

हे सांगण्याचं कारण आहे. आपल्या वाघोलीत कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबं खूप. काही मुलं आजीकडे, मामाकडे वाढतात. "पिल्लाला टाकून देणारी आई" हे वाक्य अशा मुलाला स्वतःबद्दलच वाटू शकतं. म्हणून वर्गात चांगली-वाईट हे शब्द टाळून 'कसं' आणि 'का' एवढंच विचारावं. पक्ष्यांवरून माणसांचं मोजमाप करू नये.

उपक्रम: उन्हाळ्याच्या शेवटी शाळेजवळच्या किंवा सोसायटीतल्या झाडावरचं कावळ्याचं घरटं मुलांना लांबूनच दाखवा. झाडावर चढू देऊ नका, कावळे चोच मारतात. मग वहीत लिहायला सांगा:
1. घरटं कशाचं आहे? काड्या, तारा, आणखी काय?
2. कोकिळा जवळ आली तर कावळे काय करतात?
3. कावळा भरवतो ते पिल्लू कोणाचं वाटतं? कशावरून?