नाणेघाटाची वाट

पायी चालणे आपल्याला नवे नाही. शेतावर आपण पायीच जातो. वारकरी तर थेट पंढरपूरपर्यंत पायी जातात. पण नुसता मुलूख पाहायला आपण कधी चाललो आहोत का? इंग्लंडात लोक सुट्टी काढून समुद्रकाठाने, शेतारानातून दिवसच्या दिवस चालतात. तिकडची एक किनाऱ्याची पायवाट हजार किलोमीटरांहून लांब आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्यातही एक जुनी वाट आहे. ती खाडीपासून निघते आणि सह्याद्री चढते. साक्षरता वर्गातले आम्ही आठजण हिवाळ्यात त्या वाटेने गेलो.

आधी कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी उभे राहून खाडी पाहिली. सुमारे २००० वर्षांपूर्वी कल्याण हे मोठे बंदर होते. एका परदेशी दर्यावर्दी माणसाच्या ग्रंथातही त्याचे नाव आहे. बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई.

आज मुरबाडच्या पुढेही डांबरी सडक आहे. म्हणून आम्ही एस.टी.ने वैशाखऱ्यापर्यंत गेलो. तेथून पायवाट लागली. आधी रान, मग चढ. वर वर दगडी पायऱ्या आल्या. खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसली. दोन-अडीच तासांत आम्ही गुहेपाशी पोचलो.

गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. तो सातवाहन राजांच्या काळचा. नागनिका राणीच्या घरच्या यज्ञांची आणि दानांची त्यात नोंद आहे. गाई किती, घोडे किती, नाणी किती, ते आकड्यांत लिहिले आहे.

आमच्यातले एक आजोबा पायथ्याच्या गावचे. ते भिंतीकडे बघतच राहिले. म्हणाले, "शंभरदा गेलो असंन इथनं. पाऊस आला की याच गुहेत बसायचो. पण भिंतीवर काय हाय, ते कदी कळलं नाय."

आम्ही त्यांना दोनाचा आकडा समजावून सांगितला. त्या काळी दोन आडव्या रेघा म्हणजे दोन. एकीखाली एक. हात न उचलता त्या भरभर काढल्या, की रेघा जोडल्या जातात. हळूहळू त्याचाच आपला २ झाला. आजोबांनी काठीने मातीत काढून पाहिला. मग हसून म्हणाले, "म्हंजे आमचा दोन लई जुना!"

त्या लेखात शून्य मात्र नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा होत्या.

गुहेच्या वर, घाटमाथ्यावर, दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात.

अशा जागी काही लोक खडकावर आपली नावे कोरतात. त्याने जुनी अक्षरे मरतात. आपण नुकतेच नाव लिहायला शिकलो. ते वहीत लिहू. दोन हजार वर्षे टिकलेला लेख आपल्या हातून पुसायला नको.

जाण्यापूर्वी लक्षात ठेवा:
१. पावसाळ्यात दगड निसरडे असतात. हिवाळ्यात जा.
२. पाणी आणि भाकरी बरोबर घ्या.
३. कोठे जातो, ते घरी सांगून निघा.
४. कागद, पिशव्या, बाटल्या परत आणा.

प्रश्न:
१. कल्याणच्या बंदरातला माल कोठे जाई?
२. आपला २ हा आकडा कसा तयार झाला?
३. तुमच्या गावाजवळ जुनी वाट आहे का? तिच्याविषयी चार ओळी लिहा.