राखीव नावांची गोष्ट

गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टमध्ये मी एक मोठा घोळ घातला. लायब्ररीचं पुस्तक परत करायची आठवण ई-मेलने पाठवणारा प्रोग्रॅम होता. चाचणीसाठी २०० खोटे विद्यार्थी बनवले आणि पत्त्यांना मनाला येईल ते डॉट-कॉम नाव ठोकून दिलं. रात्री रूमवर प्रोग्रॅम चालवला आणि झोपलो. सकाळी बघतो तर एका अनोळखी गृहस्थांचं उत्तर! ते नाव त्यांच्या मालकीचं निघालं. सगळी पत्रं त्यांच्याकडे जाऊन पडली होती. माफी मागितली. सर एवढंच म्हणाले, "आरएफसी २६०६ वाच."

वाचला. जून १९९९ चा हा छोटासा दस्तऐवज. नावाच्या शेवटी येणारे चार शब्द त्याने राखून ठेवले: चाचणीसाठी 'टेस्ट', उदाहरणांसाठी 'एक्झाम्पल', मुद्दाम चुकीचं नाव हवं तेव्हा 'इनव्हॅलिड' आणि स्वतःच्या मशीनसाठी 'लोकलहोस्ट'. शिवाय एक्झाम्पल डॉट कॉम, नेट आणि ऑर्ग ही नावंही कुणाला विकत घेता येत नाहीत. माझे पत्ते डॉट-इनव्हॅलिडने संपले असते, तर एकही पत्र कुणाच्या दारात गेलं नसतं.

आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं बरेच प्रोग्रॅमर 'डेव्ह' हा शब्द घरच्या चाचणीसाठी वापरायचे. पण ती जागा राखीव नव्हती! २०१४ मध्ये डॉट-डेव्ह खरंखुरं डोमेन झालं, गूगलकडे गेलं. डिसेंबर २०१७ च्या क्रोम ६३ ने त्यावर एचटीटीपीएसची सक्ती केली आणि अनेकांच्या चाचणीच्या साइट्स एका रात्रीत बंद पडल्या.

मग हवं ते नाव राखून का देत नाहीत? कारण नुसती पाटी लावून भागत नाही. फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६१ नुसार नाव मागणाऱ्याला सात प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: वापरणारा माणूस, प्रोग्रॅम, डीएनएस सर्व्हर, नाव विकणारे, या प्रत्येकाने ते नाव वेगळं कसं वागवायचं? या वाटेने २०१५ मध्ये 'अनियन'ला जागा मिळाली. खाजगी नेटवर्कसाठीचं 'इंटर्नल' मात्र आयकॅनने २०२४ मध्ये राखून ठेवलं.

तेव्हा ज्युनिअर्सनो, प्रोजेक्टमध्ये खोटं नाव हवं असेल तर डोकं चालवू नका, राखीव नावच घ्या. तुम्हाला जे नाव खोटं वाटतं, ते कुणाचं तरी घर असू शकतं.