मॅक्रो फोटोग्राफी: आधी रिंग, मग लेन्स

हळर्णमध्ये राहता आणि कीटकांचे जवळून फोटो काढायचे आहेत? लाखाची मॅक्रो लेन्स आत्ता घेऊ नका. घरात डीएसएलआर आणि 18-55ची लेन्स असेल तर सुरुवात पाचशे-सहाशेत होते.

काय घ्याल? रिव्हर्स रिंग, म्हणजे लेन्स उलटी बसवायची कडी. लेन्सच्या झाकणाच्या आत, तिरपी रेघ मारलेल्या शून्यापुढे 52, 55 किंवा 58 असा आकडा असतो. रिंग त्याच मापाची आणि तुमच्याच कंपनीच्या माउंटची हवी. दोन्ही जुळली नाहीत तर पैसे पाण्यात. उलटी लेन्स 18वर जास्त मोठे दाखवते, 55वर कमी. ऑटोफोकस विसरा, कॅमेरा पुढेमागे हलवूनच फोकस साधायचा. नुसता मोबाइल असेल तर क्लिपची लेन्स हजाराच्या आसपास मिळते.

पुढचा खर्च साधारण असा: ऑटोफोकसच्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या नळ्या) दोन ते चार हजार, फ्लॅश चार ते दहा हजार. डिफ्यूझर विकत घेऊ नका. पार्सलमधला पांढरा फोम फ्लॅशपुढे बांधला की काम झाले.

लपलेला खर्च पावसाळ्याचा. इथल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते आणि सफाईचे बिल हजारात जाते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक हे हजारभरात जमते. ‘इम्पोर्टेड’ लेन्स स्वस्त मिळाली तर भारतातली वॉरंटी आहे का, ते आधी विचारा. जीएसटीचे बिल घ्या, त्यावरचा सीरियल नंबर लेन्सशी ताडून पाहा. भाड्याने घेताना ओळखपत्र आणि अनामत लागते. जुने ओरखडे दुकानदारासमोरच मोबाइलवर टिपून ठेवा.

कुठे, कधी? ऑक्टोबर-नोव्हेंबर, उजाडल्यापासून नऊपर्यंत. दवात चतुर आणि टाचण्या हलत नाहीत. किल्ल्याजवळचे गवत, शापोऱ्याचा काठ, काजूची झाडे पुरेत. काजूला टेकण्यापूर्वी हुमले (चावऱ्या लाल मुंग्या) नाहीत ना, ते बघा. खाजगी बागायतीत मालकाला विचारून शिरा. अभयारण्यात जाणार असाल तर प्रवेशाबरोबर कॅमेऱ्याचेही शुल्क पडते का, ते फाटकावर विचारा. सत्तरीच्या रानात उन्हाळ्यात माकडतापाच्या गोचिडींची भीती असते. अंगभर कपडे घाला.

कीटक फ्रिजमध्ये थंड करून फोटो काढायचा ‘सोपा उपाय’ कुणी सुचवला तर नको म्हणा. कीटक मरू शकतो, आणि काही फुलपाखरे 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ती पकडणे हा गुन्हा.

रोज अर्धा तास दिलात तर महिन्याभरात हात बसेल. मॅक्रो लेन्सचा विचार त्यानंतर.