दूरच्या जमिनीची राखण : सिमकार्डाचा कॅमेरा घेताना



आपल्यापैकी पुष्कळ जणांचे दुकान शहरात आणि जमीन मात्र वीस-तीस किलोमीटर दूर असते. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, साकोली या भागात कुणाची धानाची शेती आहे, कुणी बांधावर सागवान लावले आहे, तर कुणाचे गोदाम किंवा वीटभट्टी आहे. दुकान सोडून रोज तिकडे जाता येत नाही आणि रात्रीच्या राखणीला माणूस मिळत नाही. म्हणून अलीकडे सिमकार्डावर चालणाऱ्या कॅमेऱ्याची चौकशी वाढली आहे. हा कॅमेरा झाडाला बांधून ठेवतात. समोरून माणूस किंवा जनावर गेले की तो फोटो काढतो आणि मोबाईलवर पाठवतो. त्याला विजेची लाईन लागत नाही. वस्तू उपयोगाची आहे, परंतु डबीवरील जाहिरात वाचून घेतली तर पैसे पाण्यात जातात. माझेही एकदा गेले. म्हणून हा धडा.

माझा धंदा कापडाचा, त्यातही कोशाचा. नागझिऱ्याच्या चोरखमारा बाजूला आम्हा भावांची थोडी जमीन असून तीवर ऐन आणि अर्जुनाची झाडे आहेत. त्यांवर कोशाचे किडे वाढवतात. दुसरे पीक हिवाळ्याच्या सुरुवातीला उतरते. तेव्हा झाडावर लागलेला कोष म्हणजे उघड्यावर ठेवलेला पैसाच होय.

नागझिऱ्याचा शेजार

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगावची दोन क्षेत्रे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. अर्थात जंगलाच्या कडेला ज्याची जमीन आहे, त्याच्या कॅमेऱ्यात चोराच्या आधी रानडुक्कर, चितळ, अस्वल, बिबट आणि नशिबात असेल तर वाघ येणार. त्यामुळे कॅमेरा कशासाठी घ्यावयाचा, हे आधी ठरवावे. पिकाची नासधूस कोण करतो हे पाहण्यासाठी एक प्रकारचा कॅमेरा लागतो आणि माणसाच्या ये-जा वर लक्ष ठेवण्यासाठी दुसऱ्या.

पहिली गोष्ट : रेंज

दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो. ते शेवटी पाहावे. आधी आपल्या जमिनीवर कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहावे. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे घेऊन जावे आणि ज्या झाडाला कॅमेरा बांधणार, त्याच झाडापाशी, त्याच उंचीवर मोबाईल धरावा. हात वर करून मिळालेली रेंज कामाची नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे १०० किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ९०, उणे ८० असा असेल तर काम चालते. उणे ११० च्या पलीकडे गेला तर फोटो अडकतात. उन्हाळ्यात पानगळीच्या वेळी पाहिलेली रेंज पावसाळ्यात पाने भरल्यावर कमी होते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे म्हणजे कॅमेऱ्याचा बॅंड. माझे पैसे येथेच बुडाले. प्रत्येक देशात ४-जी ठराविक बॅंडवर चालते. आपल्याकडे १, ३, ५, ८, ४० आणि ४१ हे बॅंड वापरात आहेत, तर बीएसएनएलच्या नव्या ४-जी साठी २८ हाही लागतो. जिओ ३, ५ आणि ४० वर चालते. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या कॅमेऱ्यात २, ४, १२, १३, ६६ असे बॅंड असतात आणि कित्येकदा तो तेथील कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. परदेशातून कुणी नातलगाने स्वस्तात आणून दिलेला असा कॅमेरा आपल्याकडे फोटो काढील, पण पाठवणार नाही. म्हणून डबीवरील बॅंडचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जंगलाकाठी बॅंड ५ आणि ८ विशेष पाहावेत, कारण कमी फ्रिक्वेन्सीची लहर दूरवर जाते आणि झाडीतूनही बऱ्यापैकी पार होते. बॅंड ४० तसा जात नाही.

जुने २-जी चे कॅमेरे अजून स्वस्तात विकले जातात. जिओकडे २-जी नाहीच, त्यामुळे जिओच्या सिमवर ते चालत नाहीत. ते घेऊ नयेत हेच बरे.

रेंज अजिबात नसेल तर दोन उपाय आहेत. एक, जमिनीऐवजी जमिनीकडे येणारी वाट पाहावी. गाडी किंवा बैलबंडी ज्या फाट्यावरून आत येते तेथे बहुधा रेंज असते. दुसरा, साधा कार्डाचा कॅमेरा लावून आठवड्याने कार्ड काढून पाहावे. यात कमीपणा नाही. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि जंगलातून ते कार्डच माणसांनी गोळा केले.

दुसरी गोष्ट : सेन्सर आणि फ्लॅश

हा कॅमेरा उष्णतेच्या हालचालीवर चालतो. अंगाची उष्णता आणि आसपासची उष्णता यांत फरक असेल तर त्याला कळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा तापलेली जमीन आणि माणसाचे अंग यांत फारसा फरक राहत नाही. कॅमेरा जवळचेच पकडतो, दूरचे सोडतो. म्हणून डबीवर पंचवीस मीटर लिहिले असले तरी आपण दहा-बारा मीटरच धरून चालावे. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवावे. पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन आत शिरते. समोरचे गवत कापून काढावे, नाही तर तापलेले गवत वाऱ्याने हलते आणि दिवसभर गवताचेच फोटो येतात.

वर सांगितलेल्या व्याघ्रगणनेत सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे ७६,६५१ होते. म्हणजे हजारात दोन. तेव्हा आपल्यालाही रिकामे फोटो येणारच, पण प्रत्येक फोटोला डाटा आणि बॅटरी लागते. हा खर्च वाचावा म्हणून आता काही कॅमेरे फोटो स्वतःच तपासून फक्त कामाचा पाठवतात. २०२२ पासून कान्हा-पेंच पट्ट्यात असे कॅमेरे लावून पाहिले गेले. आपल्या खरेदीत माणूस आणि जनावर ओळखण्याची सोय मिळाली तर चांगले, पण तिच्यासाठी बॅंड आणि बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये.

रात्रीचा फ्लॅश दोन प्रकारचा असतो. ८५० नॅनोमीटरचा दूरवर जातो, पण त्याचे लाल टिपके डोळ्यांना दिसतात. ९४० चा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी. जनावरांसाठी पहिला चालतो. चोरीचे भय असेल तर दुसरा घ्यावा आणि कॅमेरा डोक्यापेक्षा वर बांधून तोंड खाली झुकवावे. जनावरांसाठी मात्र गुडघा ते कंबरेची उंची पुरते.

तिसरी गोष्ट : बॅटरी आणि हिशेब

कॅमेऱ्याची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. सिमचे रिचार्ज २८ दिवसांचे असेल तर वर्षातून ते तेरा वेळा करावे लागते. रोज ५० फोटो आणि प्रत्येकी २०० केबी धरले तर दिवसाला १० एमबी डाटा लागतो. म्हणजे रोजचे एक-दोन जीबी देणारे महाग रिचार्ज नको, लांब मुदतीचे स्वस्त पाहावे. व्हिडिओ पाठवण्याची सोय बंद ठेवावी. फोटो कंपनीच्या सर्व्हरवरून येत असतील तर त्याची वर्गणी किती आणि वर्गणी बंद केली तर कॅमेरा चालतो की नाही, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला आठ ते बारा सेल लागतात. रेंज कमी असली की मोडेम सारखा शोध घेतो आणि सेल लवकर उतरतात. सोलर प्लेटचा कॅमेरा परवडतो, पण प्लेट उन्हात आणि कॅमेरा सावलीत राहील इतकी लांब वायर हवी. पावसाळ्यासाठी आयपी-६६ चा शिक्का पाहावा, रबराची पट्टी तपासावी आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. मुंग्या आत घर करतात, तेव्हा महिन्यातून एकदा उघडून पुसावा. कुलपाची लोखंडी पेटी आणि पासवर्ड हेही खर्चात धरावे. सिम आपल्याच नावावर असावे, दुसऱ्याच्या नावाचे सिम कॅमेऱ्यात घालू नये.

चौथी गोष्ट : कायदा

कॅमेरा आपल्या सातबाऱ्यावरील जमिनीतच लावावा. अभयारण्यात प्रवेश आणि फोटो या दोहोंसाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. चार पावले पुढे जाऊन जंगलाच्या झाडाला कॅमेरा बांधणे हा गुन्हा ठरू शकतो.

फोटोत डुक्कर दिसले म्हणून कुंपणात वीज सोडण्याचा विचारही करू नये. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, तरी एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही आणि पुष्कळ शोध घेऊनही सापडला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास याच्याही गळ्यात पट्टा होता. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात शेताच्या वीजप्रवाही तारेने तो मेला. अशा तारेत माणसेही मरतात आणि लावणारा तुरुंगात जातो. वाघ किंवा बिबट दिसल्यास तो फोटो गावभर पाठवू नये, त्याने गर्दी जमते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिकाच्या भरपाईसाठी मुदतीत अर्ज करावा. फोटो जोडता येतो, पण पंचनामा हाच आधार असतो.

शेवटची गोष्ट : फोटो आणि बदगुमानी

आता माझीच एक चूक सांगतो. बॅटरी वाचावी म्हणून मी कॅमेऱ्याला फोटो दिवसातून एकदाच पाठवण्याची सेटिंग केली होती. डिसेंबरात एका सकाळी फोटो आला. आमचाच राखणदार खांद्यावर पोते घेऊन चालला होता आणि खाली वेळ होती पहाटे पावणेसहा. कोष उतरवण्याचे दिवस होते. सात वर्षांचा माणूस, पण माझ्या मनात चोर शिरला. दुकानात दोघांसमोर बोलूनही गेलो आणि ठाण्यात जायला निघालो. भाईजानने अडवले. म्हणाले, "फोटोने पोतं दाखवलं. पोत्यात काय आहे ते दाखवलं का? आणि त्याचं पोतं कालच संध्याकाळी मी स्वतः मोजून त्याला दिलं." ते त्याच्या वाट्याचे कोष होते. कॅमेऱ्याचे सेल बदलताना मी घड्याळात सकाळ-संध्याकाळ उलटे लावले होते. डिसेंबरात दोन्ही पावणेसहांना उजेड कमी असतो, म्हणून फोटो पाहून फरक कळला नाही. मी गावात जाऊन त्याची माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "शेठ, आधी मला विचारायचं होतं."

म्हणून घड्याळ नेहमी चोवीस तासांचे ठेवावे, सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासावी आणि चोरीची धास्ती असेल तर फोटो त्याच क्षणी येईल अशी सेटिंग ठेवावी. ही झाली तांत्रिक बाजू. दुसरी बाजू अशी की, सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत बदगुमानी, दुसऱ्याच्या पाळतीवर राहणे आणि पाठीमागे बोलणे या तिन्ही गोष्टींना एकत्र मनाई आहे. मी त्या एका सकाळी तिन्ही केल्या. आपल्या मालाची राखण जायज आहे, परंतु राखण आणि पाळत यांत फरक आहे.

आपल्या बांधावरून मोहफुले, तेंदूपाने, सरपण यांसाठी गावच्या बायाबापड्या जातात. कॉर्बेटच्या जंगलात वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे गावच्या स्त्रियांची कशी कुचंबणा झाली, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुढे आले. एका स्त्रीचा फोटो तर मोबाईलवर फिरवला गेला आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. असा गुन्हा आपल्या हातून घडू नये. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या मालाकडे किंवा फाटकाकडे असावे. पाणवठा, नाला, आडोसा यांकडे कधीही असू नये. "येथे कॅमेरा आहे" अशी मराठीत पाटी लावावी आणि ग्रामपंचायतीत सांगून ठेवावे. पाटीने चोर सावध होतो हे खरे, पण सावध झालेला चोर परत गेला तर आपले काम झालेच की. नको असलेले फोटो त्याच दिवशी पुसावेत.

तेव्हा बंधूंनो, क्रम असा ठेवावा. आधी काम ठरवा, मग रेंज आणि बॅंड पाहा, मग बॅटरी व वर्षाचा हिशेब, त्यानंतर फ्लॅश आणि सगळ्यात शेवटी मेगापिक्सेल. दुकानदाराकडून पंधरा दिवसांत बदलून देण्याची लेखी कबुली घ्या आणि त्या पंधरा दिवसांत कॅमेरा घरी न ठेवता जमिनीवर लावून पाहा. महिन्यातून एकदा तरी स्वतः जमिनीवर जा. राखणदाराची चौकशी करा, त्याची मजुरी वेळेवर द्या. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या नजरेला इन्साफ देवो. आमीन.