उन्हाळ्यात मत्स्यटाकीचे पाणी थंड कसे राखावे?

प्रश्न : तळेगाव दाभाडे येथील घरातील १०० लिटरच्या टाकीत एप्रिल-मेच्या दुपारी गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात. पाण्यात बर्फ टाकावा काय?

उत्तर : बर्फ थेट टाकू नये, कारण तापमान एकाएकी कोसळल्याचा धक्का माशांना उष्म्याहूनही अधिक बाधतो. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला. पाणी तापले की त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, म्हणजे समुद्रसपाटीवर २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम असणारे प्रमाण ३० अंशांना साडेसातपर्यंत उतरते, आणि तळेगाव ज्या मावळात आहे तिथल्या उंचीवर ते आणखी थोडे कमी भरते. म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू असणे ही पहिली निकड होय.

खरा गुण बाष्पीभवनाचा, म्हणजे वाफ होताना उरलेल्या पाण्यातील उष्णता ओढून नेली जाण्याचा : एक लिटर पाणी उडाले आणि बाहेरून उष्णता शिरली नाही, तर टाकी जवळपास पावणेसहा अंशांनी निवेल, प्रत्यक्षात दोन-तीन अंश उतरले तरी माशांना मोठाच दिलासा मिळतो. त्यासाठी काचेच्या झाकणाऐवजी जाळी बसवून लहान पंखा पृष्ठभागावर तिरपा रोखावा. एप्रिलच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. मेअखेरीस हवा दमट झाली की त्याचा प्रभाव ओसरतो, तेव्हा दिवे बंद ठेवून खाद्य निम्म्यावर आणावे. उडालेल्या पाण्याची भर क्लोरीन काढलेल्या पाण्यानेच घालावी. वीज गेल्यास बॅटरीवरील हवेचा पंप लावून, गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली थोडा वेळ तरंगत ठेवावी आणि तापमापीवर नजर असू द्यावी.