बिघाड नेमका कुठे?

भामरागडजवळच्या हेमलकशाला पावसाळ्यात संगणकांचं जाळं सांभाळायचं काम मी केलं आहे, म्हणून पोटतिडकीने सांगतो: बाहेरून हाक मारली आणि ओ आली नाही, एवढ्यावरून यंत्र बंद पडलं असं ठरवणारी व्यवस्था या भागात लावू नका.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जायचा, वाटेतले नाले फुगायचे आणि बाहेरची जोडणी तुटायची. अशाच एका पुरात दूरच्या देखरेख यंत्रणेने आमचे पाचही संगणक बंद असल्याचं नोंदवलं. ते सगळे व्यवस्थित चालू होते. जोडणी परत येताच रिस्टार्टचा आदेश आपोआप सुटला आणि पाठवायच्या राहिलेल्या, फक्त मेमरीत असलेल्या नोंदी गेल्या. माणसांनी पाड्यापाड्यांतून चिखल तुडवत जमवलेली माहिती होती ती.

म्हणून तपासणी बाहेरून न होता शेजारच्या यंत्रांनीच करावी. याचं गणित प्रेपराटा, मेट्झे आणि चिएन यांनी 1967 मध्ये मांडलं. खरी अडचण अशी की बिघडलेला संगणक दुसऱ्याबद्दलही खोटा निकाल देऊ शकतो. म्हणून दोनपर्यंत बिघाड ओळखायचे तर निदान पाच संगणक हवेत आणि प्रत्येकाला निदान दोघांनी तपासायला हवं. पुढे 1991 मध्ये बियानचिनी आणि बस्केन्स यांनी काटकसरीची रीत दिली: प्रत्येकाने पुढच्याला तपासायचं, तो बिघडलेला निघाला तर त्याच्या पुढच्याला, चांगला सापडेपर्यंत, मग त्या चांगल्याकडून बाकीच्यांची खबर घ्यायची. निकाल प्रत्येक धडधाकट संगणकापाशी तयार होतो, बाहेरची वाट तुटली तरी. सौरऊर्जेवर चालणाऱ्या ठिकाणी इतक्या कमी चाचण्या फार मोलाच्या.

पण कागदावरचं गणित इथे आणताना वीज आधी बघा. पाचही संगणक एकाच इन्व्हर्टरवर असतील तर बॅटरी बसली की पाचही एकदम जातात, आणि ‘जास्तीत जास्त दोन’ हे गृहीतकच कोसळतं. केबल तुटली तरी पलीकडचं यंत्रच गेल्यासारखं दिसतं, म्हणून आतल्या जाळ्याला दुसरी वाट ठेवा. दमट हवेत सैल झालेला जोड दुपारी ठीक चालतो, रात्री दगा देतो. एका चाचणीवर निकाल लावू नका, प्रत्येक निकाल वेळेसकट डिस्कवर उतरवा.

आणि रिस्टार्टचा अधिकार आपोआप चालणाऱ्या आदेशाला देऊ नका. नोंदी सुरक्षित उतरल्याची खात्री करणाऱ्या, जागेवरच्या माणसाकडेच तो राहू द्या.