क्रेडिट्स जमा झाली, पदवी जवळ आली का?

अमेरिकेत नर्स होऊ पाहणाऱ्यासाठी कम्युनिटी कॉलेज ही शहाणपणाची वाट आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फी कमी असते, घरी राहून शिकता येतं, आणि इथली असोसिएट पदवी घेतलेला विद्यार्थी रजिस्टर्ड नर्सच्या परवान्यासाठी तीच एनक्लेक्स परीक्षा देतो, जी चार वर्षांची बीएसएन पदवी घेतलेला देतो. म्हणून तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांतही मुलीच्या शिक्षणाचा हिशोब असा मांडला जातो: पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, पुढची दोन विद्यापीठात, की झाली बॅचलर पदवी. या वाटेवर पैसा आणि वर्षं गमावलेल्यांचे हिशोब पाहिल्यावर माझं मत ठाम झालं आहे की चूक वाट निवडण्यात नसते, या बेरजेत असते. ६० आणि ६० मिळून १२० क्रेडिट्स आपोआप होत नाहीत. विद्यापीठ कोणती क्रेडिट्स कशासाठी धरणार, हे आधी पाहावं लागतं.

अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने २०१७ मध्ये याचा अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात एका संस्थेतून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली होती. एका सरकारी संस्थेतून दुसऱ्या सरकारी संस्थेत जाणाऱ्यांचं नुकसान अंदाजे ३७ टक्के होतं, तर नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थांतून सरकारी संस्थांत आलेल्यांचं तब्बल ९४ टक्के. शिवाय स्वीकारलेलं प्रत्येक क्रेडिट पदवीच्या अटीत मोजलं जातंच असं नाही. विद्यापीठ एखादा विषय ‘इलेक्टिव्ह’ म्हणून खात्यावर घालतं. ट्रान्सक्रिप्टवर आकडा वाढलेला दिसतो, पण नर्सिंगच्या आराखड्यातली रिकामी जागा रिकामीच राहते आणि तो विषय पुन्हा फी भरून शिकावा लागतो.

नर्सिंगमध्ये हा धोका इतर शाखांपेक्षा मोठा आहे, कारण इथे प्रवेशाआधीचे विषय ठरलेले असतात: ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, रसायनशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, मानवी विकासाचं मानसशास्त्र, बऱ्याच ठिकाणी पोषणशास्त्रही. एका सत्रात उरकलेला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा संक्षिप्त कोर्स दोन सत्रांच्या जागी चालत नाही. प्रयोगशाळेविना केलेला विज्ञानविषय बहुधा नाकारला जातो. कॉलेजात उत्तीर्ण व्हायला पुरणारी श्रेणी नर्सिंगच्या प्रवेशाला पुरत नाही. अनेक विद्यापीठं पाच-सात वर्षांपूर्वीचे विज्ञानविषय ग्राह्यच धरत नाहीत. नोकरी-संसारामुळे शिक्षणात खंड पडलेल्या बायकांना हा नियम सर्वांत जास्त जाचतो. आणि असोसिएट नर्सिंगचा अभ्यासक्रम अर्धवट सोडला, तर त्यातले क्लिनिकल विषय दुसरीकडे क्वचितच धरले जातात. तोच पूर्ण करून परवाना मिळवला, की आरएन-टू-बीएसएन अभ्यासक्रमात पुष्कळ विद्यापीठं आधीच्या नर्सिंग शिक्षणाची क्रेडिट्स एकगठ्ठा देतात. म्हणून एक तर नर्सिंग सुरू करण्याआधी फक्त पूर्वअटीचे विषय घेऊन विद्यापीठात जावं, नाहीतर असोसिएट पदवी आणि परवाना हातात आल्यावर. मधेच उठून जाणं सर्वांत महाग पडतं.

उपाय एकच: हिशोब शेवटाकडून मांडायचा. जिथून बीएसएन घ्यायची आहे अशा दोन-तीन विद्यापीठांचे आराखडे पहिल्या सत्राआधीच समोर ठेवावेत आणि सर्वांत चालतील तेच विषय आधी घ्यावेत. दोन संस्थांमध्ये लेखी ट्रान्सफर करार आहे का, तो कोणत्या वर्षाचा आहे आणि नर्सिंगला लागू आहे का, हे तपासावं. कॅलिफोर्नियात सरकारी संस्थांचे असे करार ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर विषयवार पाहता येतात. फ्लोरिडात सरकारी संस्थांतल्या समकक्ष विषयांना राज्यभर एकच क्रमांक असतो. कॉलेजची आणि नर्सिंग अभ्यासक्रमाची अधिमान्यता या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही पाहाव्यात. प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवावा, कारण नाकारलेल्या विषयासाठी दाद मागताना तोच पुरावा ठरतो. शेवटची किमान किती क्रेडिट्स विद्यापीठातच घ्यावी लागतात, तेही आधी विचारावं. ही अट बहुतेक ठिकाणी असते.

यावर कोणी म्हणेल, हे सांगायला कॉलेजचे सल्लागार असतातच. ते असतात आणि मनापासून मदतही करतात, पण क्रेडिट मोजण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसतो. तो विद्यापीठाचा आणि तिथल्या नर्सिंग विभागाचा असतो, म्हणून उत्तर तिथून आणि लेखी घ्यावं. दुसरा आक्षेप असा, की परवाना मिळाल्यावर बीएसएन हवीच कशाला? नोकरी मिळते हे खरं. पण न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्येच कायदा करून नव्या रजिस्टर्ड नर्सना परवान्यापासून दहा वर्षांत बॅचलर पदवी घेणं बंधनकारक केलं. अनेक मोठी रुग्णालयंही बीएसएन असलेल्यांनाच पसंती देतात. तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो: शिकलेलं कधी वाया जात नाही. ज्ञान वाया जात नाही, हे मान्य. पण फीचे पैसे आणि आयुष्यातली वर्षं जातात, आणि गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पेल ग्रँटलाही आयुष्यभरात बारा सत्रांचीच मर्यादा आहे. एकच विषय दोनदा शिकण्यात ती मदत संपली, तर पदवीचं शेवटचं वर्ष कर्जावर काढावं लागतं. नियमांचं हे अज्ञान परवडणाऱ्यांना थोडं बोचतं. ज्यांनी पैसे नाहीत म्हणून कम्युनिटी कॉलेज निवडलं, त्यांना ते पार मोडून टाकतं.

महाराष्ट्रातून जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग करून तिकडे जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू. आपल्या गुणपत्रिकांचं तिथल्या मान्य संस्थेकडून मूल्यमापन झाल्याशिवाय आणि विद्यापीठाने विषयवार लेखी उत्तर दिल्याशिवाय कोणत्याही वर्गात नाव घालू नये. प्रत्येक विषयाची फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: हा विषय माझ्या निवडलेल्या विद्यापीठाच्या नर्सिंग आराखड्यात नेमका कोणत्या जागी बसतो, त्यासाठी किमान कोणती श्रेणी लागते, आणि तो किती वर्षं ग्राह्य राहतो? तिन्हींची उत्तरं कागदावर असतील, तर कम्युनिटी कॉलेजसारखी दुसरी चांगली सुरुवात नाही. एकाही प्रश्नाचं उत्तर नसेल, तर ते मिळेपर्यंत नावनोंदणी थांबवावी.